पंचबाई

"आक्का, रिक्षा करू," करुणा पुन्हा म्हणाली.

मकई दरवाजाचा पूल आला होता. बेगमपुरा मागं पडला होता आणि ऊन चांगलंच वर चढलं होतं. गोजरबाईनं पदरानं मान पुसली, पण पाय काही थांबवला नाही.

"ह्या समद्या रिक्षावाल्यांनी माझा चहा पिलेला हाय, करुणा. मी कुठं बसले अन् कुठं उतरले, हे मी खाली पाय टेकवायच्या आत जमादाराला कळंल. चाल गुमान."

करुणा गुमान चालू लागली.

खरं तर पोलीस चौकीतला राजकुमार जमादार सकाळीच जीप घेऊन गोजरबाईच्या गाड्यापाशी येणार होता. "मावशी, कोर्टाला आपल्या गाडीतनं जाऊ, तुमच्या गुडघ्याला तरास नको," असं तो मोठ्या मायेनं सांगून गेला होता. गुडघ्याला आराम मिळाला असता, यात शंका नाही. पण अदालत रोड येईपर्यंत कानांना मिळाला नसता. साहेबांनी काय विचारल्यावर काय म्हणायचं, कुठं मान हलवायची, हे त्यानं वाटेत घोकून घेतलं असतं. म्हणून गोजरबाईनं आज गाडा उघडलाच नाही. झाडलोट झाल्या झाल्या ती करुणाच्या दारात येऊन उभी राहिली. "चल, पायी जाऊ," एवढंच म्हणाली. दोघी चौक टाळून डोंगराकडच्या वाटेनं निघाल्या.

चौकात पोलीस चौकी होती आणि चौकीच्या समोर गोजरबाईचा चहा-पोह्यांचा गाडा. नवरा खडी क्रशरवर गेला, म्हणजे कामावर गेला तो तिथंच संपला. तेव्हापासून हा गाडा. चहा कडक, पोह्यांत शेंगदाणे भरपूर, साखर मात्र हात राखून. "मावशी, साखर लईच महाग झाली का?" असं कुणी विचारलं, तर "न्हाई बाबा, तूच गोड झालास," असं तिचं ठरलेलं उत्तर. तिचा वस्तीत दरारा होता. नळावर भांडण झालं की ती मधे पडायची आणि दोन्हीकडच्यांना शिव्या घालायची. विहारात चपला वेड्यावाकड्या काढल्या तर पोरांच्याच नाही, म्हाताऱ्यांच्याही पाठीत धपाटा बसायचा.

आणि तिला वस्ती म्हणायची पंचबाई.

पोलिसांना पंचनामा करायचा असला की पंच लागतो. पंच म्हणजे तिऱ्हाईत माणूस. पोलिसांनी कुठून काय जप्त केलं, ते त्यानं आपल्या डोळ्यांनी बघायचं आणि खाली सही करायची. पण तिऱ्हाईत माणूस पोलिसांच्या वाऱ्याला उभा राहत नाही. आज सही केली की पुढं वर्षानुवर्षं कोर्टाच्या चकरा, त्यापेक्षा नको रे बाबा. मग चौकीतून समोरच्या गाड्याकडं हाक यायची, "मावशी, जरा या की!"

गोजरबाई हात धुऊन, पदर सारखा करून जायची. सही करायला आणि अक्षर लावून वाचायला ती विहारातल्या प्रौढांच्या वर्गात शिकली होती, चांगली मोठेपणी. 'गोजरबाई वाहुळ' एवढं लिहायला तिला वेळ लागायचा, 'ळ'ची गाठ नीट बसेपर्यंत ती श्वास धरून ठेवायची. सुरुवातीला ती खरोखर जीपमध्ये बसून जायची, बघायची, मग सही करायची. परत आली की बायकांना सांगायची, "बाबासाहेबांच्या कायद्याचा कागद असतो तो. माझ्या मायला लोक उंबऱ्याच्या आत घेत नव्हते. अन् मला सरकार इचारतंय, बाई तू बघितलंस का?"

बायका हसायच्या. पण करुणाला त्यात हसण्यासारखं काही वाटायचं नाही. करुणा वस्तीतली बालवाडी चालवायची, विहारात वंदना सांगायची, लोकांचे अर्ज लिहून द्यायची. सरकारच्या दारात नावानं हाक येणं म्हणजे काय, हे तिला ठाऊक होतं.

पुढं पुढं मात्र जीप थांबली आणि कागदच गाड्यावर यायला लागला. "मावशी, तुमचा धंदा कशाला बुडवायचा? आमी बघितलं म्हंजी तुमीच बघितलं." एका हातानं चहा गाळता गाळता गोजरबाई दुसऱ्या हातानं सही करायची. कागदावर काय लिहिलंय ते तिनं कधी विचारलं नाही. सरकारी कागद खोटा असतो, हे तिच्या डोक्यातच आलं नाही.

घाटी दवाखान्यासमोरची गर्दी ओलांडताना करुणानं तिचा हात धरला. रस्त्यापलीकडं गेल्यावर गोजरबाईनं तो हळूच सोडवून घेतला.

"मी काय पळून जायली का?"

"नाही हो आक्का, गाड्या किती आहेत."

"तुला वाटायलंय मी तिथं जाऊन कच खाईन."

करुणानं पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. तिला तसं वाटत होतंच.

तिला पहिल्यांदा काही वेगळं जाणवलं होतं ते विहारात. रविवारची वंदना चालू होती. पंचशील म्हणताना करुणा पुढं सांगायची आणि सगळे मागं म्हणायचे. गोजरबाईचा आवाज त्यात वेगळा ओळखू यायचा, भरडा आणि अर्धा सूर पुढं पळणारा. 'मुसावादा वेरमणी', म्हणजे मी खोटं बोलण्यापासून दूर राहीन, या चौथ्या शीलाला तो आवाज एकदम बंद झाला. पाचव्याला पुन्हा सुरू झाला. करुणाला वाटलं, ठसका लागला असेल. पुढच्या रविवारीही तसंच झालं. त्याच्या पुढच्याही.

शेवटी तिनं विहाराच्या पायरीवर गाठून विचारलं, तेव्हा गोजरबाई म्हणाली, "जे मी मोडलेलं हाय, ते तोंडानं कशाला म्हणू? चार म्हणते ना, चार बास हायेत मला सध्या."

मग सगळं बाहेर आलं.

एक बाई सिल्लोडकडच्या गावाहून आली होती. द्वारकाबाई तिचं नाव, काखेत लेकरू. कोर्टाची तारीख करून ती चौकीत काही विचारायला आली आणि साहेब नाहीत म्हणून गाड्यावर चहा घेत बसली. गोजरबाईनं सहज विचारलं, "कुठून आली गं बाई?" तर ती बोलत सुटली. तिचा नवरा सांडू शहरात एका बांधकामावर राखणदार होता. तिथली पाण्याची मोटार चोरीला गेली आणि राखणदारालाच धरलं. मोटार म्हणे गावाकडं त्याच्या घरात सापडली. कणगीच्या मागं.

"माझ्या घरात कणगीच न्हाई, मावशी," द्वारकाबाई म्हणाली. "दाणं पत्र्याच्या डब्यात ठेवते मी. पण कागदावर लिहिलंय म्हणं, एका बाईनं सोताच्या डोळ्यांनी बघितलं. गोजरबाई का कोण हाय. कशी असंल ती? माझ्या घरात आलीच न्हाई अन् तिला माझी कणगी दिसली!"

गोजरबाईच्या हातातली गाळणी तशीच राहिली. पातेल्यातला चहा उतू गेला.

"ती मीच हाय," ती म्हणाली.

द्वारकाबाईनं आरडाओरडा केला नाही, हेच गोजरबाईला सगळ्यांत जास्त लागलं होतं. तिनं कप खाली ठेवला, लेकराचं नाक पुसलं आणि म्हणाली, "मग या ना एकदा बाई. आता तरी घर बघून जा."

हे ऐकून करुणा विहाराच्या पायरीवरच खाली टेकली. मग जो सल्ला कुणीही शहाण्या माणसानं दिला असता, तोच तिनं दिला. "आक्का, कोर्टात 'मला आठवत नाही' म्हणा. एवढी वर्षं झाली, खरंच कुणाला आठवतं? सांडूही सुटेल आणि तुम्हीही अडकणार नाही."

"पण मला आठवतंय की."

"म्हणजे?"

"म्हंजी खोट्यातून निघायला दुसरं खोटं. तू मला वंदना सांगतीस अन् हे बी सांगतीस?"

करुणाचे कान तापले होते. त्यानंतर तिनं पुन्हा तो विषय काढला नाही. पण भीती काही गेली नव्हती. बालवाडीच्या खाऊचं बिल, रेशनचं कार्ड, म्हाताऱ्यांचं अनुदान, सगळ्याच खिडक्यांवर तिनं पाहिलं होतं की खरं बोलणाऱ्याची फाइल तळाशी जाते. पूर्वी ती अर्ज लिहिताना 'मला न्याय मिळेल अशी खात्री आहे' असं शेवटी लिहायची. अलीकडं नुसतं 'विनंती आहे' लिहायची.

भडकल गेटला बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोर दोघी थांबल्या. चपला काढल्या, हात जोडले. गोजरबाईनं डोळे मिटले नाहीत. वर बघत उभी राहिली, एखाद्या वडीलधाऱ्यासमोर चूक सांगायला उभं राहावं तशी. मग चपला घालता घालता म्हणाली, "परवा राजकुमार आल्ता तेव्हा काय म्हणला ठावं हाय?"

"काय?"

"म्हणला, मावशी, मेघाच्या येळंला मी आलो होतो का नव्हतो?"

मेघा तिची लेक. जावई दारू पिऊन तिला मारायचा. राजकुमार जमादारानंच त्याला चौकीत बसवून असा काही समजावला होता, की तेव्हापासून त्यानं हात उचलला नव्हता. एक रुपया न घेता. हे खोटं नव्हतं.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हणले, आला होतास, राजा. जन्मभर इसरणार न्हाई. तुला चहा फुकट. पण सांडूची बायको बी कुणाची तरी मेघाच हाय."

"मग?"

"मग म्हणला, 'मावशी, वरून दट्ट्या हाय, केस सुटली तर चौकशी लागंल माझ्या मागं. अन् गाड्याचं काय, म्हानगरपालिकेवाले कवा उचलतेल मला न्हाई सांगता येत.'"

"धमकी दिली की हो!"

"धमकी कसली? रडायला आलं होतं त्याला. रडणारा माणूस धमकी देतो तेव्हा लई वंगाळ वाटतं."

नागेश्वरवाडी, खडकेश्वर मागं पडलं. औरंगपुऱ्यात दुकानांची शटरं वर जात होती, दुकानदार उंबऱ्यावर पाणी शिंपडत होते. गोजरबाईचा गुडघा आता दुखायला लागला होता, ती उजवा पाय ओढत होती. तरी निराला बाजार, समर्थनगर करत दोघी कोर्टाच्या फाटकाशी पोचल्या, तेव्हा आत वकिलांची वर्दळ सुरू झाली होती.

राजकुमार जमादार फाटकातच होता. त्याचा चेहरा घामानं चिकट झाला होता.

"मावशी! कुठं कुठं शोधलं तुम्हाला! गाडा बंद, घराला कुलूप."

"आले ना? चालत आले. हवा लई चांगली होती."

"चला, आधी सरकारी वकील साहेबांना भेटू, ते जरा समजावून..."

"मला काय समजायचं राहिलंय रे? नाव पुकारलं की जाते आत."

आत बाकावर जामिनावर सुटलेला सांडू आणि द्वारकाबाई बसले होते. सांडू वाळलेला, नजर जमिनीकडं. लेकरू आता चालण्याजोगं झालं होतं आणि बाकाखाली वाकून कुणाच्या तरी बुटाचे बंद सोडत होतं. पट्टेवाल्यानं "गोजरबाई वाहुळ" असा पुकारा केला. करुणा मागच्या बाकावर टेकली आणि मनातल्या मनात त्रिसरण म्हणू लागली.

न्यायाधीश बाई होत्या, चष्मा नाकावर घसरलेला. शपथ देणाऱ्यानं 'ईश्वरसाक्ष' म्हणताच गोजरबाई म्हणाली, "मी ईश्वराची शपथ घेत न्हाई. माझ्या सोताच्या शब्दावर सांगते, चाललं का?"

"गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करते, असं म्हणा," न्यायाधीश बाई म्हणाल्या.

ती म्हणाली. शब्द अवघड होता, पण तिनं तो पूर्ण म्हटला.

सरकारी वकील उभा राहिला. घाईत होता. त्याच्यासमोर फायलींचा गठ्ठा होता.

"तुम्ही आरोपी सांडू यांच्या घरी गेला होता का?"

"गेले होते, साहेब."

करुणाचं त्रिसरण मधेच तुटलं. दाराशी उभ्या राजकुमारनं सुस्कारा सोडला. द्वारकाबाईनं सांडूचा दंड घट्ट धरला.

"त्या घरात तुम्ही काय पाहिलं?"

"एक खोली. मातीची चूल. पत्र्याचे डबे. मागं न्हाणी, तिला दार न्हाई, पोत्याचा पडदा."

"आणि कणगी? कणगीच्या मागं मोटार?"

"कणगी न्हाई साहेब त्यांच्या घरात. मोटार बी न्हाई."

वकिलानं मान वर केली. "घरी गेला होता म्हणता ना? कधी गेला होता?"

"यंदाच्या संक्रांतीला. यष्टीनं. त्याच्या आदी मी ते गाव जल्मात बघितलेलं न्हाई."

टंकलेखकाची बोटं थांबली. न्यायाधीश बाईंनी चष्मा वर सरकवला. "मग पंचनाम्यावर सही कुणाची आहे? ही बघा."

"माझीच हाय, मॅडम. गाड्यावर केली. कागद आणला, मी केली. वाचला न्हाई, इचारलं न्हाई, गेले बी न्हाई."

"याचे परिणाम तुमच्यावर होऊ शकतात, हे माहीत आहे?"

गोजरबाईनं पिंजऱ्याची कड दोन्ही हातांनी धरली. "काय होतंय ते मला ठावं न्हाई. जे काय असंल ते माझ्या अंगावर येऊ द्या. पण त्याच्या अंगावरचं काढा."

सरकारी वकिलानं हात पुढं करून सांगितलं, की साक्षीदार फितूर झालेला आहे, सरकार पक्षाला उलटतपास घेण्याची परवानगी द्यावी. गोजरबाईनं तो शब्द ऐकला आणि तिचा चेहरा एकदम उतरला. इतका वेळ ती ताठ उभी होती. आता तिनं मागं वळून करुणाकडं बघितलं, हे काय म्हणाला हा, अशा नजरेनं. करुणानं नुसती मान हलवली. असू द्या, असू द्या.

"आरोपीच्या बायकोनं तुम्हाला काय दिलं?" वकिलानं आवाज चढवला.

"तिळाचा लाडू दिला, साहेब. तो बी अर्धा मी तिच्या लेकराला दिला."

मागं कुणीतरी खुसखुसलं. वकील चिडला. त्यानं टेबलावरच्या फायलींवर हात आपटला. "बाई, तुम्ही कित्येक गुन्ह्यांत पंच आहात. तुमच्या सहीवर आरोपींना शिक्षा झालेल्या आहेत. मग ते सगळे पंचनामेही खोटे होते, असं म्हणायचं आहे का तुम्हाला?"

प्रश्न विचारून झाल्यावर त्याला स्वतःलाच कळलं, की हा विचारायला नको होता. पण तो सुटला होता.

गोजरबाई वकिलाकडं बघत नव्हती, त्या गठ्ठ्याकडं बघत होती.

"काही ठिकाणी मी गेले होते, साहेब," ती सावकाश म्हणाली. "काही ठिकाणी न्हाई. कुठं कुठं न्हाई, ते मला आता सांगता येत न्हाई."

हे सगळं लिहून घेतलं गेलं. सांडूच्या वकिलानं फार विचारलं नाही, त्याला जे हवं होतं ते मिळालं होतं. पुढची तारीख पडली. सांडू त्या दिवशी निर्दोष सुटला नाही. कोर्टात असं एका दिवसात काही होत नाही.

बाहेर व्हरांड्यात द्वारकाबाईनं गोजरबाईचे दोन्ही हात हातात घेतले, पण सांडूनं हात जोडले नाहीत. तो तिच्या समोर येऊन उभा राहिला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "बाई, इतक्या दिवस काय केलं तुमी?"

"चहा इकला," गोजरबाई म्हणाली.

"मी आत होतो तवा माझा बाप गेला. चोराचा बाप म्हणून गेला."

गोजरबाईनं त्याच्यावरची नजर काढली नाही. मग सांडू लेकराला कडेवर घेऊन जिन्याकडं वळला. द्वारकाबाई त्याच्या मागं गेली.

फाटकाशी जमादार उभा होता. टोपी हातात.

"मावशी, माझं काय होणार आता?"

"राजकुमार, तू गेला होतास का त्या गावाला?"

"गेलो होतो."

"होती मोटार?"

तो रस्त्याकडं बघत राहिला.

"मग तू बी सांग ना आत जाऊन. मी बी सांगितलंच की. पिंजऱ्यात काय वाघ न्हाई."

"तुम्हाला काय, तुमचा गाडा. माझी नोकरी हाय मावशी, दोन लेकरं शाळेत हायेत."

"व्हय. ते बी खरंय," गोजरबाई म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. "उद्या सकाळी गाडा लावते तिथंच. उचलायचा असंल तर तूच ये उचलायला, दुसऱ्या कुणाला धाडू नको. अन् चहाला बी ये."

तो जीपकडं गेला. जाताना त्यानं एकदा दार उघडून धरलं, येता का, असं विचारल्यासारखं. गोजरबाईनं हातानंच नको म्हटलं.

रस्त्याच्या कडेला एका लिंबाखाली दगडी कठडा होता. तिथं दोघी टेकल्या. करुणानं पिशवीतून पाण्याची बाटली काढली. गोजरबाईनं तोंडावर पाणी मारलं, गुडघ्यावर ओला हात फिरवला.

"फितूर म्हणला गं मला," ती म्हणाली. "वस्तीत जाईल आता हे. पैसे खाल्ले म्हणतेल."

"कोर्टात तसंच म्हणतात आक्का, पोलिसांच्या कागदाविरुद्ध बोललं की. मी सांगीन सगळ्यांना."

"तू कशाला सांगतीस? मला तोंड न्हाई का?" तिनं पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाली, "त्या साहेबानं इचारलं ते बरं केलं. मला सांडू एकटाच दिसत होता. त्या गठ्ठ्यात अजून कोण कोण हायेत, देव जाणे. म्हंजी देव न्हाई, मीच जाणायला पायजे होतं. एखादी बाई असंल. एखाद्याचा बाप मेला असंल."

"आक्का, आज एवढं झालं तेवढं पुष्कळ झालं. घरी चला. अंग टाका जरा."

"अंग टाकायला रात्र हाय की. तुझ्या पिशवीत कागद असतो ना?"

करुणानं वहीतला एक कोरा कागद काढला, मांडीवर पिशवी ठेवून त्यावर पसरला. काय करायचंय ते तिला अजून नीट कळलं नव्हतं.

"कोर्टाच्या नावानं अर्ज लिही," गोजरबाई म्हणाली. "चौकीत जिथं जिथं पंच म्हणून माझी सही हाय, ती समदी कागदं काढा. मला दाखवा. जिथं मी गेले न्हाई, तिथं मी येऊन तसं सांगते. कुठल्या बी तारखेला बोलवा, येते."

करुणाचा पेन कागदावर थांबला. हे काय मागणं आहे, आणि त्याच्या मागोमाग काय काय येऊ शकतं, ते तिच्या डोळ्यांपुढून गेलं. तिनं एकदा गोजरबाईच्या सुजलेल्या गुडघ्याकडं पाहिलं. मग वरच्या कोपऱ्यात तारीख घातली, 'मा. न्यायाधीश साहेब यांच्या सेवेशी' लिहिलं आणि सवयीनं पुढचं वाक्य पुटपुटत सुरू केलं, "मी अल्पशिक्षित महिला असून, माझ्या अज्ञानाचा गैरफायदा घेऊन..."

गोजरबाईनं तिचा हात धरला.

"ते खोड."

"का आक्का? खरंच तर आहे. तुम्हाला फसवलंच ना त्यांनी? असं लिहिलं तर तुमच्यावर येणार नाही फार."

"त्यांनी फसवलं ते त्यांचं ते सांगतेल, सांगायचं असलं तर. मला अक्षर वाचता येत होतं. सरकार मला इचारतंय ह्याचा लई मान वाटायचा, म्हणून मी न बघता सही केली. करुणा, हात जोडते, तेवढं तसंच लिही."